कवायत पहिलीपासून? आधी खडकवासल्याचा दिवस बघा

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचं आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून जो वाद चालू आहे तो ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. दोन्ही बाजू लष्करी प्रशिक्षणाबद्दल ठामपणे बोलतात, पण तिथला एक साधा दिवस कसा जातो हे कुणी सांगत नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी असलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तरी हा वाद जाणतेपणानं व्हायला हवा होता. पण इथंही तेच. एकजण म्हणतो, "पोरं मोबाईलनं वाया चालली, अकॅडमीत घाला, सरळ होतील." दुसरा म्हणतो, "पोरांची यंत्रं करायची आहेत का?" माझं मत आधीच सांगतो. लहान मुलांच्या शाळेत लष्करी दिनक्रम आणू नये. कारण मात्र विरोधक देतात ते नव्हे. लष्करी प्रबोधिनीतून शिकण्यासारखं भरपूर आहे, पण आपण उचलायला निघालोय ते तिथलं फक्त वरचं टरफल.

मुळात 'अकॅडमी' हा शब्दच आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए ही एक. तिथं बारावीनंतर तीन वर्षं भावी अधिकारी घडतो. साताऱ्याच्या सैनिक स्कूलसारखी शाळा ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे तालुक्याच्या गावाबाहेर शेड मारून चालणारी भरतीची अकॅडमी. तिथं सोळाशे मीटर धावणं, गोळाफेक, पुल-अप आणि लेखी परीक्षा एवढीच तयारी असते, आणि ती पोलीस शिपाई किंवा अग्निवीर भरतीसाठी असते. या तिन्हींचा दिवस वेगळा, वय वेगळं, हेतू वेगळा. वादात मात्र तिन्ही एकाच पोत्यात भरली जातात. पालक खडकवासल्याचं संचलन टीव्हीवर बघतात आणि मुलाला शेडमध्ये नेऊन सोडतात.

तर खडकवासल्याचा दिवस. उजाडायच्या आत उठणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वेळ ऋतूप्रमाणे पुढंमागं होते, पण साधारण पाचच्या आसपास स्क्वॉड्रन, म्हणजे एकत्र राहणारी तुकडी, जागं झालेलं असतं, आणि पहिल्या सत्रातला कॅडेट म्हणजे नवा प्रशिक्षणार्थी त्याच्याही आधी उठतो. का? तर दाढी, बूट, पट्टा, अंथरूण, केबिनची झाडलोट हे सगळं त्याचं त्यालाच करायचं असतं आणि फॉलइनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, एक मिनिट उशीर चालत नाही. मग पीटी आणि ड्रिल, प्रत्येकी साधारण चाळीस मिनिटं. दिवसातला खरा कठीण तुकडा येतो तो यांच्या मधे. घामानं चिंब पांढरा पीटीचा पोशाख उतरवायचा, ड्रिलचा कडक इस्त्रीचा गणवेश चढवायचा, नाळ मारलेले बूट बांधायचे आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. हातात मोजकी मिनिटं. नाश्त्यानंतर पुन्हा पोशाख बदलून, सायकलींच्या रांगा करून वर्गांकडे. दुपारी दीडपर्यंत गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, परकीय भाषा. तीन वर्षांच्या शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हातात पडते, त्यामुळे ही तासिका नावापुरती नसते, तिच्यात नापास होता येतं. दुपारी थोडी विश्रांती, मग मैदानावरचे खेळ, पोहणं, घोडेस्वारी. संध्याकाळी ठरलेला अभ्यासाचा वेळ, मग मेसमध्ये काट्याचमच्याचं जेवण आणि दहाच्या सुमारास दिवे बंद. रविवारी बाहेर जायची मुभा म्हणजे लिबर्टी, पण पहिल्या सत्राला तीही ड्रिलची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच.

या वेळापत्रकात कॅडेट सर्वांत जास्त कशाशी झगडतो? मुलाखतीत विचारलं तर मुलं 'धावणं' सांगतात. खरं उत्तर आहे झोप. सकाळी दीड तास शरीर पिळून निघाल्यावर, पोटभर नाश्ता झाल्यावर, पंख्याखाली कलनशास्त्र समजून घेणं हे सिंहगड चढण्यापेक्षा अवघड असतं. पेंगणारा कॅडेट आपणहून उठून वर्गाच्या मागं उभा राहतो, कारण बसलं की डोळा लागतो. म्हणजे या दिवसाची रचना ताकद वाढवण्यापुरती नाही. थकलेल्या डोक्यानं नीट विचार करता येतो का, याची ती रोजची तालीम आहे. पाणबुडीत किंवा सियाचीनच्या ठाण्यावर अधिकाऱ्याला हेच करायचं असतं.

आता एक बूट जवळून बघा. ड्रिलच्या बुटाची टोप, म्हणजे पुढचं टोक, आरशासारखी चमकवायची पद्धत ठरलेली आहे. ओल्या कापसाच्या बोळ्यावर नखाएवढं पॉलिश घ्यायचं, पाण्याचा थेंब टाकायचा आणि बोट लहान लहान गोल फिरवत राहायचं. पातळ थर, मग वाळू द्यायचा, मग पुन्हा थर. नवशिका घाईनं जाड थर चढवतो. रात्री बूट झकास दिसतो, सकाळी पाय आपटल्याबरोबर टोपेला भेगा जातात आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. हे काम एकट्यानं उरकत नाही. एकजण दोघांचे बूट करतो, दुसरा दोघांच्या केबिनी लावतो, तिसरा तिघांचे पट्टे घासतो. जो फक्त स्वतःचं करतो तो वेळेत होतो, पण त्याच्या शेजारचा अडकतो आणि शिक्षा सगळ्या कोर्सला, म्हणजे बरोबर दाखल झालेल्या सगळ्यांना होते. जुन्या कॅडेटांच्या बोलण्यात 'पट्टी परेड' हा शब्द येतो. एका पोशाखात हजर व्हा, आता काही मिनिटांत दुसऱ्या, आता तिसऱ्या. बाहेरच्याला हा निव्वळ छळ वाटतो. छळ असतोही, आणि त्याबद्दल पुढं बोलायचं आहेच. पण दुसऱ्या आठवड्यात तुकडी शहाणी होते. कपडे आधीच क्रमानं मांडून ठेवते, कुणाचं बटण कोण लावणार हे ठरवून घेते. वेळेचा तुटवडा मुद्दाम निर्माण करायचा, म्हणजे माणसं एकमेकांवर टेकायला शिकतात. प्रबोधिनीच्या शिस्तीचा गाभा हा आहे. डावा-उजवा पाय त्यानंतर.

कोल्हापूरकराला हे नवं वाटायला नको. तालमीत हेच होतं. नवं पोर आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी जोडीला देत नाही. आधी हौदा खणायचा, माती चाळायची, थोरल्यांची अंगं रगडायची, जोर-बैठका हळूहळू वाढवायच्या. कुस्ती नंतर. खुराक परवडणारी आणि न परवडणारी पोरं एकाच मातीत लोळायची. वस्तादाची नजर प्रत्येकाच्या खांद्यावर, गुडघ्यावर, श्वासावर असायची. तालमीनं शिस्त लावली ती लवकर उठवून नव्हे. उठणं हा त्या सगळ्याचा सर्वांत सोपा भाग होता.

समर्थकांचे मुद्दे मी हलके मानत नाही. मुलांचं शरीर खरोखर ढिलं पडलंय, शाळांची मैदानं आक्रसली आहेत, पीटीचा तास गणिताचे शिक्षक खाऊन टाकतात. गावात माजी सैनिक आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे, वकूब आहे आणि मुलांना त्यांच्याबद्दल आदर आहे. शिवाय सैनिक स्कूल दहा-बारा वर्षांच्या मुलाला सहावीत घेतंच ना? २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालं आणि त्यातून मोठमोठे अधिकारी निघाले. मग पहिलीपासून का नको?

कारण सैनिक स्कूलचा दिवस हा शाळेचा दिवस असतो. सकाळची पीटी, संध्याकाळचे खेळ, हाउस मास्तर आणि मधे सगळा अभ्यास. तिथं प्रवेश परीक्षा देऊन मूल येतं, आणि चोवीस तास त्याच्याकडे लक्ष ठेवणारी माणसं असतात. एनडीए तर त्याहून पुढची गोष्ट सांगते. तिथं प्रवेशाचं किमान वय साडेसोळा वर्षं आहे. आधी ९०० गुणांची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत, तीही ९०० गुणांची, मग कसून वैद्यकीय तपासणी. म्हणजे ज्या संस्थेचा दाखला आपण देतो, ती स्वतः हा दिनक्रम फक्त वाढ बरीचशी पूर्ण झालेल्या, निवडून घेतलेल्या आणि स्वतःच्या इच्छेनं आलेल्या मुलामुलींना देते. बेशिस्त मुलं आत घालून शिस्तीची बाहेर काढणारा कारखाना ती नाही. साडेसोळाच्या खाली लष्करानं जे मागितलं नाही ते सहा वर्षांच्या पोराकडून आपण कुठल्या आधारावर मागतोय?

सक्ती करून पाहिलेली नाही असंही नाही. १९६२च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. देशात त्या वेळी भावना किती तीव्र होत्या हे वेगळं सांगायला नको. तरी १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. हुकमानं लाखो मुलं मैदानावर उभी करता येतात, पण तेवढे प्रशिक्षक, तेवढ्या रायफली आणि मुख्य म्हणजे तेवढी इच्छा हुकमानं येत नाही. त्याआधी १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतून आलेल्या जगन्नाथराव भोसल्यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली होती. ती मोठी होत गेली आणि १९६५च्या सुमारास दुसऱ्या योजनेत विलीन झाली. शाळेच्या आवारात 'शिस्त' या विषयाचा वेगळा तास ठेवला की तो आणखी एक तास होऊन बसतो. खडकवासल्यात शिस्तीचा तास नाहीच. ती पोशाख बदलताना, जेवताना, सायकल रांगेत चालवताना येते.

आता विरोधकांकडे. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा यंत्रं बनण्याचा नाही, तो इजेचा आणि छळाचा आहे, आणि तो मान्य करावाच लागतो. वरच्या सत्रातल्यांनी खालच्यांना दिलेला 'रगडा' नियमात बसत नाही, तरी तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. प्रशिक्षणात कायमचं जायबंदी होऊन ज्यांना घरी जावं लागलं, त्यांना अधिकारी म्हणून नियुक्ती मिळालेली नसल्यानं माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. देशासाठी अठराव्या वर्षी आयुष्य देऊ केलेल्या मुलाला पाठीचा मणका मोडल्यावर अशी वागणूक मिळणं ही शरमेची गोष्ट आहे, आणि प्रबोधिनीवर प्रेम असणाऱ्यांनीच हे आधी बोलायला हवं.

पण यंत्राचा आरोप तिथल्या दिवसाला लागू पडत नाही. यंत्राला दिवसभर एकच काम असतं. इथं सकाळी हुकूम पाळणाऱ्यालाच दुपारी वर्गात प्रश्न विचारावे लागतात, संध्याकाळी बॉक्सिंगच्या रिंगणात एकट्यानं निर्णय घ्यावा लागतो आणि वरच्या सत्रात गेल्यावर कनिष्ठांची जबाबदारी घ्यावी लागते. नापास झाल्यास रेलिगेशन म्हणजे सहा महिने मागच्या कोर्समध्ये. कालपर्यंत कनिष्ठ असलेल्यांच्या रांगेत उभं राहून पुन्हा सुरुवात करणं यंत्राला जमत नाही. मुलींच्या बाबतीतही असंच भाकीत होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं मुलींना एनडीएची परीक्षा देता आली, तेव्हा 'हा दिनक्रम त्यांना झेपणार नाही' असं छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. दिवस तोच होता.

खरी भीती मला वाटते ती नकलेची. इजा कशी होते ते समजलं तर नक्कल का घातक आहे हे कळेल. धावण्याचा भार अचानक वाढला की नडगीचं हाड आधी झिजतं आणि मग नव्यानं भरतं. मधले काही आठवडे ते आधीपेक्षा कच्चं असतं. म्हणून दुखणं पहिल्या दिवशी येत नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतं. आधी धावल्यावर दुखतं, मग धावताना, मग चालताना, आणि बोटाच्या टोकानं दाबलं तर नेमकी एक जागा कळवळते. ही हाडाला गेलेली बारीक चीर असते. ती भरायला सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. प्रबोधिनीत डॉक्टर, रुग्णालय आणि दुखापत झाल्यास सक्तीची विश्रांती असते; तिथंही हे होतंच. मग भरतीच्या शेडमध्ये काय होत असेल? मूल डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, नाश्त्याला चहा-खारी खाऊन, रोज सोळाशे मीटर जिवाच्या आकांतानं पळतं. दुखतंय म्हटलं की 'नाटकं करतोस' म्हणून आणखी दोन फेऱ्या. भरतीच्या दिवशी तेच पोर तिसऱ्या फेरीला लंगडत बाहेर पडतं. दोष त्याच्या जिद्दीचा नसतो. मातीवर धावा, आठवड्याला एक दशांशाच्या वर अंतर वाढवू नका, आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा: एवढं कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. आणि हीच समज नसलेली कवायत आपण पहिलीच्या वर्गात नेणार आहोत, जिथं हाडांची टोकं अजून मऊ असतात.

दिनक्रमाची ओळख नसणं किती महागात पडतं याचा धडा शंभर वर्षं जुना आहे. १९१८ नंतर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत भारतीय मुलांसाठी वर्षाला दहा जागा मिळाल्या. बरीच मुलं तिथं टिकली नाहीत. अक्कल कमी होती असं नाही. त्या जेवणाची, त्या भाषेची, त्या दिवसाची ओळख त्यांना तिथं पोचल्यावरच झाली. उपाय म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला खास शाळा निघाली. त्याच दशकात कोल्हापूर संस्थानातले शंकरराव थोरात सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले, पुढं लेफ्टनंट जनरल झाले. असे किती जाऊ शकले असते आणि गेले नाहीत? आजही तीच दरी आहे, फक्त सँडहर्स्टच्या जागी खडकवासला आहे, जे आपल्यापासून बसनं पाच-सहा तासांवर आहे. गावातून जवान शेकड्यानं जातात, अधिकारी बोटांवर मोजावे लागतात.

ती दरी बुजवायला मुलाला काय लागतं? चौदाव्या वर्षी कवायत लागत नाही. लागतं गणित, कारण लेखी परीक्षेतले ३०० गुण त्याचे आहेत. लागतं इंग्रजी, कारण २०० गुणांचं इंग्रजी आहे आणि निवड मंडळासमोर गटचर्चेत मराठी माध्यमाचं हुशार पोर शब्दांसाठी अडखळतं. रंगांधत्व, गुडघे, सपाट तळवे, दात यांची तपासणी लागते, आणि ती आठवीत झाली तर उपयोग. त्यातलं बरंच काही वेळीच सुधारतं, आणि जे सुधारत नाही ते कळल्यावर दुसरी वाट धरता येते. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना दोन वर्षं हीच तयारी करून देते, मुलींसाठी आता नाशिकला तशी सोय झाली आहे. आपल्या किती शाळांच्या फलकावर तिच्या प्रवेश परीक्षेची तारीख लागते?

माजी सैनिकांना शाळेत जरूर आणा. त्यांच्या हातात शिट्टी देण्याआधी त्यांना पोहणं शिकवायला सांगा. एनडीएत ज्याला पोहता येत नाही त्याची सुटका नसते. तो तलावात उतरतो, रडतो, शिकतो आणि मग उंच फळीवरून उडी मारतो. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेनं शहर आणि शिरोळ तालुका बुडवलेला आपण पाहिला. एके काळी विहिरीत ढकलून शिकवलं जायचं, आता विहिरींना जाळ्या बसल्या आणि पोहायला न येणारी पिढी नदीकाठी राहते. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला मे महिन्यात वीस दिवस, दहा मुलांमागे एक शिकवणारा, काठावर दोरी आणि ट्यूब घेऊन बसलेला दुसरा, आणि शेवटी पन्नास मीटर न थांबता. एवढं करायला कुठल्याही गणवेशाची गरज नाही, आणि टाकळीच्या पारावर बसलेला कुठलाही निवृत्त सुभेदार हे उद्यापासून सुरू करू शकतो.